घरी लादी पाव करताय? आधी हे वाचा, मग पीठ भिजवा

पाव घरी करून बघितला पण कडक झाला, दुसऱ्या दिवशी तर खाववेना, असं सांगणारे बरेच भेटतात आणि जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच असतं की यीस्ट खराब असणार नाहीतर आमच्या ओटीजीतच, म्हणजे घरगुती छोट्या ओव्हनमध्येच, काहीतरी प्रॉब्लेम आहे. मग मी विचारते, पीठ मळताना हाताला चिकटत होतं का? हो, खूपच चिकटत होतं, म्हणून वरून मैदा घातला. किती घातला? घातला आपला मूठमूठ, गोळा नीट होईपर्यंत. पाव कडक झाला तो तिथेच, यीस्टचा आणि ओटीजीचा त्यात काही दोष नाही.

आपल्या हाताला पोळीच्या कणकेची सवय असते, चिकटलं की कोरडं पीठ घ्यायचं हे आपसूक होतं. पावाला मात्र ते पाणी हवं असतं, त्याच पाण्यामुळे तो मऊ होतो आणि मऊ राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. रेसिपीत एक तास लिहिलंय म्हणून एका तासाने पीठ उघडायचं, फुगलेलं असो नसो, पुढे रेटायचं, यानेही पाव जातो. या दोन गोष्टी सांभाळल्या तर पहिल्याच वेळी खाण्यासारखे पाव होतात, हे मी खात्रीने सांगते. म्हणून खाली प्रमाण आणि वेळ दिलीये तरी जास्त लक्ष पीठ कसं दिसतंय, हाताला कसं लागतंय याकडे द्या.

सामान

नऊ पावांचं प्रमाण देतेय, ८ इंची चौकोनी केकच्या टिनात बरोबर बसतात. मैदा ३०० ग्रॅम, दूध १०० मिली, पाणी ९५ मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, बटर २५ ग्रॅम. वरून लावायला थोडं दूध आणि थोडं बटर वेगळं. नेहमीचं पिवळं खारं बटर वापरणार असाल तर मीठ ४ ग्रॅमच घ्या.

वजनकाटा घ्याच असं कळकळीने सांगेन. डिजिटल किचन स्केल आता फार महाग राहिलेला नाही आणि वाटीने मैदा मोजला तर कोणी दाबून भरतं, कोणी चाळून भरतं, त्यात सहज ३०-४० ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे कोरडा मैदा घालू नका म्हणून मी एवढं सांगतेय आणि तो मोजतानाच आत शिरतो. काटा नसेलच तर बेकिंगच्या मेजरिंग कपने अडीच कप मैदा, चमच्याने हलका भरून आणि वरून सपाट करून, आणि मेजरिंग सेटमधला छोटा चमचा सव्वा भरून यीस्ट, असं धरा.

मैद्याच्या पाकिटावर मागे प्रोटीन किती ते लिहिलेलं असतं, १०० ग्रॅममागे १० ते ११ ग्रॅम असेल तर उत्तम. सुटा मैदा पण चालतो, फक्त जुना किंवा किडे झालेला नको. अमेरिकेत, यूकेत वगैरे राहणाऱ्यांना ब्रेड फ्लोअर सहज मिळतं, त्यात प्रोटीन १२ ग्रॅमच्या पुढे असतं आणि ते पाणी जास्त पितं, त्यामुळे २०-२५ मिली पाणी जास्त लागेल हे लक्षात ठेवा.

साखर यीस्टला जगायला लागते असं बरेच जण समजतात. तसं नाही, मैद्यातल्या स्टार्चपासून यीस्टला हवी तेवढी साखर मिळत राहते, आपण घालतो ती रंगासाठी, चवीसाठी आणि थोड्या मऊपणासाठी. म्हणून गोड आवडतं म्हणून भरमसाठ घालू नका, साखर फार झाली तर उलट यीस्ट मंदावतं.

यीस्ट कुठलं आणि जिवंत आहे का

दुकानात सुकं यीस्ट दोन प्रकारचं मिळतं. इन्स्टंट म्हणजे बारीक दाण्याचं, ते थेट मैद्यात मिसळायचं. ॲक्टिव्ह ड्राय म्हणजे जरा जाड गोल दाण्याचं, ते आधी कोमट पाण्यात भिजवायचं आणि ते इन्स्टंटपेक्षा थोडं जास्त लागतं, म्हणजे ४ ऐवजी ५ ग्रॅम. पाकीट घेताना तारीख बघाच आणि किलोच्या पाकिटातून सुटं काढून दिलेलं शक्यतो घेऊ नका, ते कधी उघडलंय ते कळायला मार्ग नसतो. लहान पाकीट घ्या, उघडलं की हवाबंद बरणीत फ्रीजरमध्ये ठेवा, महिनोन्‌महिने टिकतं.

पहिल्या वेळी इन्स्टंट असलं तरी तपासून घ्या. प्रमाणातल्या पाण्यातलंच ५० मिली पाणी कोमट करा, चिमूटभर साखर आणि सगळं यीस्ट घाला, ढवळा, झाकून दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला, फुगून आल्यासारखं दिसलं आणि आंबूस वास आला तर काम झालं. काहीच झालं नाही, नुसतं गढूळ पाणी राहिलं तर ते फेकून द्या. तेच पुढे वापरलं तर सगळा मैदा वाया जाईल.

कोमट म्हणजे किती, तर करंगळी बुडवली तर गरम असं वाटताच कामा नये, नुसतं ऊबदार वाटलं पाहिजे. साधारण ३८ ते ४० डिग्री. पाणी ५५ डिग्रीच्या पुढे गेलं की यीस्ट मरायला लागतं. थंड पाण्याने ते मरत नाही, नुसतं हळू काम करतं, त्यामुळे शंका असेल तेव्हा कमी गरम पाणी घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगावकडे असाल तर पाणी गरम करायच्या भानगडीतच पडू नका, माठातलं पाणी घ्या, कारण मळताना हाताची ऊब लागून पीठ तसंही तापतं.

मळणं

इथे घाई नको. मोठ्या परातीत किंवा पसरट पातेल्यात मैदा, साखर, मीठ एकत्र करा, यीस्टचं पाणी, दूध आणि उरलेलं पाणी घाला, फक्त एक-दोन चमचे पाणी मागे ठेवा. बटर आत्ता नाही. हाताने किंवा उलथन्याने नुसतं कालवा, कुठेही कोरडा मैदा दिसता कामा नये एवढंच. गुठळ्या, ओबडधोबड, चिकट, कसंही दिसलं तरी चालेल. झाका आणि २० मिनिटं विसरा.

ही २० मिनिटं अजिबात गाळू नका. या वेळात मैदा पाणी पितो आणि ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रोटीनचं जाळं, आपलं आपण जुळायला लागतं, झाकण काढून हात लावाल तर मघाशी बोटांना लोंबणारं पीठ आता बरंच आवरलेलं असतं. ज्यांना मळताना पीठ चिकटतं म्हणून रडू येतं त्यांच्यातल्या बहुतेकांनी हा वेळ दिलेलाच नसतो. आता हाताला घट्ट वाटत असेल तर मागे ठेवलेलं पाणी घालून टाका. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात मैदा हवेतच ओलावा धरतो, तेव्हा ते पाणी लागणारही नाही. पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल हवं, हा अंदाज मराठी घरात तरी वेगळा समजवावा लागत नाही.

आता ओटा स्वच्छ पुसून कोरडा करून घ्या आणि पीठ त्यावर काढा. मैदा भुरभुरवायचा नाही. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पीठ पुढे ढकला, ताणा, परत अंगावर दुमडून घ्या, चतकोर वळसा फिरवा, परत ढकला. चिकटलं की स्टीलच्या उलथन्याने किंवा स्क्रेपरने खरवडून गोळा करा आणि चालू ठेवा. पहिली तीन-चार मिनिटं पीठ ताणलं की तुटतं, वरून खडबडीत दिसतं. मग हळूहळू ते ओट्याला कमी आणि स्वतःला जास्त चिकटायला लागतं, ताणलं की लांब होतं पण तुटत नाही, पृष्ठभाग गुळगुळीत होतो.

सहा-सात मिनिटांनी मऊ बटर घाला, वितळलेलं नको. आणि इथे घाबरू नका, कारण बटर घातलं की आत्तापर्यंत छान झालेलं पीठ एकदम घसरायला लागतं, तुकडे तुकडे पडतात, सगळं बिघडलं असं वाटतं. नेमक्या याच वेळी लोकांचा हात मैद्याच्या डब्याकडे जातो. तो डबा आधीच आत ठेवून द्या. दोनेक मिनिटं तसंच मळत राहा, बटर मुरतं आणि पीठ परत एकजीव होतं, आधीपेक्षा जास्त मऊ, रेशमी आणि हाताला न चिकटणारं. त्यानंतर अजून चार-पाच मिनिटं. मधे हात दुखला तर पाच मिनिटं झाकून ठेवा आणि परत सुरू करा, त्याने नुकसान नाही, उलट फायदाच होतो.

झालं की नाही हे बघायचं तर लिंबाएवढा तुकडा तोडा, बोटांनी हळूहळू चारी बाजूंनी ताणून पातळ करा आणि उजेडासमोर धरा. फाटायच्या आत पातळ पापुद्रा झाला, त्यातून पलीकडचं बोट धूसर दिसलं की मळणं पुरे. लगेच फाटला आणि फाटलेली कड दातेरी असली तर अजून मळा. स्टँड मिक्सर असेल तर हुकने मंद स्पीडवर ८-१० मिनिटांत हेच होतं, पण पहिल्या वेळी हातानेच करा असं मी म्हणेन, पीठ बदलत जातं ते बोटांना कळतं आणि पुढे मिक्सरमध्ये केलंत तरी कुठे थांबायचं ते समजतं.

पहिल्यांदा फुगवणं

पातेल्याला तेलाचा हात लावा, गोळा त्यात ठेवा, वरूनही तेलाचं बोट फिरवा आणि झाकण किंवा ओला पिळलेला फडका टाका. पीठ दुप्पट झालं पाहिजे. मुंबईच्या एरवीच्या हवेत तासाभरात होतं, मे महिन्यात ४० मिनिटांत, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात दोन तास पण लागतात. दुप्पट म्हणजे नक्की किती हे डोळ्यांना फसवतं, त्यामुळे सरळ उभ्या कडांच्या पारदर्शक डब्यात ठेवून बाहेरून रबरबँड लावा, मग वाद राहत नाही.

बोट तेलात बुडवून मधे एक पेरभर खुपसा. खड्डा तसाच राहिला किंवा अगदी हळू थोडासा भरला तर झालंय. पटकन भरून आला तर अजून वेळ द्या. बोट लावताच सगळं खाली बसलं तर जास्त झालंय, पण ही पहिली वेळ आहे, लगेच गोळे करा, फार बिघडत नाही.

थंडीत बंद ओटीजीत किंवा बंद मायक्रोवेव्हमध्ये गरम पाण्याची वाटी शेजारी ठेवून पातेलं ठेवा, ओव्हनमध्ये नुसता दिवा लागत असेल तर तोही पुरतो. ओटीजी चालू करून ऊब द्यायचा प्रयत्न करू नका, कडेचं पीठ शिजायला लागतं.

गोळे

फुगलेलं पीठ हलक्या हाताने दाबून हवा काढा, ठोसे मारायची गरज नाही. वजन करा, साधारण ५४० ग्रॅम भरेल, ६० ग्रॅमचे नऊ भाग करा. अंदाजाने तोडले तर एक पाव मोठा एक लहान होतो, लहानाचा वरचा भाग करपतो आणि मोठा मधे कच्चा राहतो.

गोळा करताना लाडू वळायचा हात वापरू नका. भागाच्या कडा उचलून मधे आणा, चिमटा घेऊन बंद करा, ती शिवण खाली करून ओट्यावर ठेवा. आता तळहात वाटीसारखा वाकवा, बोटांच्या कडा ओट्याला टेकलेल्या ठेवा आणि गोळा त्या वाटीत गोल गोल फिरवा. खालची शिवण ओट्याला किंचित चिकटली पाहिजे, त्यामुळेच वरची त्वचा ताणली जाते. ओट्यावर मैदा टाकला तर गोळा नुसता घसरतो आणि ताण येत नाही, म्हणून इथेही मैदा नको, फार चिकटत असेल तर तळहाताला तेलाचं बोट. सात-आठ वळशात वरून गुळगुळीत, तुकतुकीत गोळा होतो. हा ताण असेल तर पाव वर उठतो, नसेल तर बसका होतो.

टिनला बटर लावून गोळे तीन बाय तीन ठेवा, मधे बोटभर जागा सोडा. फुगताना ते एकमेकांना भिडतात आणि मग बाजूला पसरायला जागा नसते म्हणून वर जातात, शिवाय भिडलेल्या बाजूंवर कवच धरत नाही, लादीतला पाव तोडल्यावर बाजूला ती मऊ पांढरी धाग्या-धाग्यांची भिंत दिसते ती त्यामुळे. चौकोनी टिन नसेल तर ९ इंची गोल टिनात मधे एक आणि कडेने आठ.

दुसऱ्यांदा फुगवणं

परत झाका, पण फडका गोळ्यांना चिकटणार नाही असा. ३५ ते ४५ मिनिटं, उकाड्यात त्याहून कमी. ओटीजी तापायला १५ मिनिटं लागतात, ती या वेळात धरा, नाहीतर पाव तयार आणि ओव्हन थंड अशी वेळ येते आणि तेवढ्यात पाव जास्त फुगून बसतात. गोळे एकमेकांना भिडले, हाताला हलके आणि थरथरते लागले, कडेला बोटाने हळूच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला पण किंचित खूण राहिली, की आत टाका. इथे जास्त वेळ गेला तर ओव्हनमध्ये फुगायला यीस्टमध्ये दम उरत नाही आणि वरचा भाग सुरकुततो. अगदीच जास्त झालं, बोट लावलं की हवा निघून गेली, तर परत गोळे करा आणि अर्धा तास फुगवा, एकदा असं केलेलं चालून जातं.

भाजणं

ब्रश हलका ठेवून दूध लावा. ओटीजी २०० डिग्रीला, वरची खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून तापवलेला असू दे. लहान ओटीजीत वरची कॉइल फार जवळ येते, म्हणून जाळी मधल्या खाचेच्या एक खाली लावा. १८ ते २० मिनिटं. बारा मिनिटांनी काचेतून बघा, वरून रंग पटकन धरत असेल तर अल्युमिनियम फॉइल सैलसर टाका पण भाजणं थांबवू नका. ओटीजीचा डायल २०० सांगतो आणि आत १८० असतं हे सर्रास होतं, शंका असेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्याच.

पाव मऊ हवा म्हणून कमी आचेवर जास्त वेळ भाजतात, ते नेमकं उलटं आहे. जास्त वेळ आत राहिला की पाणी उडतं आणि पाव कोरडा, वातड होतो. बेकरीतली लाकडाची भट्टी घरच्या ओव्हनपेक्षा खूप तापलेली असते, तिथे लादी काही मिनिटांत बाहेर येते. आपल्याला ते जमणार नाही, पण जमेल तेवढी कडक आच आणि कमी वेळ हाच मार्ग.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवरच, २०० डिग्री, बुटका रॅक, बाकी तसंच. आतल्या पंख्यामुळे रंग लवकर येतो म्हणून १५ मिनिटांनी बघा. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर पाव होत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेलं घ्या, तळाशी दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. टिन ठेवा, आच मंद ते मध्यम, २५ ते ३० मिनिटं, पहिली २० मिनिटं झाकण उघडायचं नाही. झाकणाला आतून फडका बांधला तर वाफेचे थेंब पावावर पडत नाहीत, टोकं मात्र वर नीट बांधा, गॅसजवळ लोंबू देऊ नका. कढईत वरून रंग येत नाही, पाव पांढराच राहतो, तो कच्चा समजून अजून भाजू नका. तव्यावर बटर टाकून वरची बाजू मिनिटभर शेकली की खरपूस होतो. पावभाजीला तर तसाही तव्यावर जाणारच असतो.

झाला की नाही ते कळायला पाव टिनातून काढून खालून टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे आणि तळाला फिकट तांबूस रंग हवा. फूड थर्मामीटर असेल तर मधल्या पावात ९० ते ९५ डिग्री.

बाहेर काढल्यावर

काढल्या काढल्या गरम असतानाच बटर लावा आणि टिनावर कोरडा सुती फडका टाका. त्या कोंडलेल्या वाफेने वरचं कवच मऊ पडतं, हवा तसा लादी पाव यानेच मिळतो. पाच-सात मिनिटांनी टिनातून काढून जाळीवर, नाहीतर तळ ओला होतो. आणि मग निदान अर्धा तास तोडू नका. खूप कठीण जातं, घरभर तो वास असतो, पण गरम पावातला स्टार्च अजून बसायचा असतो, तेव्हा तोडला तर आत चिकट लगदा लागतो आणि चांगला झालेला पाव कच्चा राहिला असं वाटतं.

बेकरीच्या पावाइतका हलका, कापसासारखा झाला नाही म्हणून नाराज होऊ नका. बेकरीत मशीनवर मळतात, भट्टी वेगळी, आणि बऱ्याच ठिकाणी ब्रेड इंप्रूव्हर, म्हणजे पाव हलका व्हावा म्हणून मिळणारी तयार पावडर, घालतात. पूर्वी त्यासाठी पोटॅशियम ब्रोमेटही वापरायचे, त्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये बंदी घातली. घरच्या पावात काय गेलंय ते आपल्याला माहीत असतं आणि त्याला मैद्याची, दुधाची स्वतःची चव असते, मला ती जास्त आवडते.

सकाळच्या मिसळीसाठी

रविवारी सकाळी ताजे पाव हवे असतील तर पहाटे उठायची गरज नाही. रात्री यीस्ट निम्मं म्हणजे २ ग्रॅम घेऊन पीठ मळा, अर्धा तास बाहेर ठेवा आणि झाकून फ्रीजमध्ये टाका, ८ ते १२ तास. सकाळी थंड पीठाचेच गोळे करा, उलट थंड पीठ कमी चिकटतं आणि वळायला सोपं जातं. दुसरं फुगवणं मात्र तास-दीड तास घेईल कारण पीठ गार आहे. तेवढ्यात मटकीची उसळ, कट होऊन जातो. आणि चवीच्या बाबतीत हा पाव त्याच दिवशी केलेल्यापेक्षा सरस असतो, सावकाश आंबलेल्या पिठाला खोली येते. एकदा साधी पद्धत जमली की मी हीच करायला सांगेन.

कणकेचे पाव

हा प्रश्न येतोच. पहिल्या वेळी शंभर टक्के कणकेचे करू नका, कणकेतला कोंडा ग्लूटेनचे धागे तोडतो आणि पाव जड होतो, मग लोक म्हणतात घरी काही जमत नाही. आधी १०० ग्रॅम कणीक आणि २०० ग्रॅम मैदा असं करा, पाणी २०-२५ मिली वाढवा आणि सुरुवातीची २० मिनिटं अर्ध्या तासावर न्या. गोव्यात पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून आणतो ती पोय, तिथला गोल पाव, कोंड्याचीच असते आणि तिला कोणी जड म्हणत नाही, पण ती पोकळ, चपटी, कडक आचेवर भाजलेली असते, लादी पावाकडून तीच अपेक्षा ठेवून चालत नाही.

दोन-तीन दिवस मऊ राहावेत असं वाटत असेल तर मैद्याची खळ करा. प्रमाणातलाच २० ग्रॅम मैदा आणि १०० मिली दूध मंद आचेवर ढवळत घट्ट होईपर्यंत शिजवा, पूर्ण गार करा आणि पीठ भिजवताना घाला. शिजलेला मैदा पाणी धरून ठेवतो. यात १०-१५ मिली पाणी वरून जास्त लागेल, शिजवताना थोडं उडतं म्हणून.

बिघडलं तर कुठे बघायचं

तळाशी दाट, ओलसर पट्टा आला तर दुसरं फुगवणं कमी पडलंय किंवा खालून आच कमी मिळालीये. वरून फुटला, भेगा पडल्या तरी बहुतेक वेळा फुगवणंच कमी. यीस्टचा उग्र वास येतोय तर यीस्ट जास्त पडलं किंवा उकाड्यात फार वेळ राहिलं, पुढच्या वेळी यीस्ट ३ ग्रॅम करा. पाव फिका आणि चव सपाट, पीठही भराभर फुगलं आणि मळताना लोळत होतं, तर मीठ विसरलंय, मिठाने यीस्टला लगाम लागतो आणि पिठाला बांधेसूदपणा येतो. संध्याकाळपर्यंत कडक झाला तर पहिले दोन परिच्छेद परत वाचा.

ठेवायचे कसे

पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात किंवा पिशवीत, बाहेरच. फ्रीजमध्ये पाव लवकर शिळा होतो, त्या थंडाव्यात स्टार्च भराभर घट्ट होतो. दोन दिवस छान राहतात, पावसाळ्यात मात्र दुसऱ्याच दिवशी संपवा, यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, बुरशी लवकर धरते. जास्तीचे करून ठेवायचे असतील तर फ्रीजर, गार झाल्याबरोबर पिशवीत हवा काढून, महिनाभर राहतात. खायच्या वेळी अर्धा तास बाहेर काढा, मग पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं.